बेतणे आणि जिवावर बेतणे

मराठीत 'बेतणे' हे क्रियापद दोन ठिकाणी भेटते. शिंपी कापड बेततो आणि प्रसंग जिवावर बेततो. पहिल्या ठिकाणी कर्ता स्पष्ट आहे. पाट आहे, खडू आहे, गळ्यात टेप आहे आणि कात्री चालवण्याआधीचा क्षणभराचा विचार आहे. दुसऱ्या ठिकाणी कर्ता माणूस नाहीसा झालेला असतो. जिवावर बेतले ते कोणाच्या हातून, हे वाक्य सांगत नाही. या दोन प्रयोगांचे व्युत्पत्तीच्या दृष्टीने नाते काय, या चर्चेत आम्हांस येथे शिरायचे नाही. आमचे कुतूहल वेगळे आहे. ज्याच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच कात्रीखाली खरे ठरावेत असे एखादे वस्त्र आहे काय? आहे, आणि ते घरच्या शिवणयंत्रावर शिवणारी माणसेही जगात आहेत. त्या वस्त्राचे नाव ट्रॅकिंग सूट.

नावावरून गैरसमज होण्याचा संभव आहे. वर्गात हा शब्द उच्चारल्यावर विद्यार्थ्यांना प्रथम ट्रॅकसूट आठवला आणि नंतर गडकिल्ल्यांवरचे ट्रेकिंग. दोहोंशी त्याचा संबंध नाही. विमानातून उडी घेतलेला माणूस पोट जमिनीकडे करून, हातपाय पसरून पडू लागला की दहाबारा सेकंदांत त्याचा वेग ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटरवर स्थिरावतो. अशा वेळी त्याने हात अंगालगत मागे घेतले, पाय सरळ ताणले आणि खांदे किंचित पुढे वळवले, तर त्याच्या शरीराचेच एक ओबडधोबड पाते होते आणि तो नुसता खाली न पडता पुढेही सरकू लागतो. हे सरकणे म्हणजे ट्रॅकिंग. मुळात ही शोभेची कला नव्हे. गटाने उडी घेतलेल्यांना पॅराशूट उघडण्यापूर्वी एकमेकांपासून दूर जावेच लागते, नाहीतर उघडलेल्या छत्र्या एकमेकींत अडकतात. जे दूर जाणे केवळ सावधगिरी म्हणून शिकवले जात होते, त्यातच पुढे लोकांना गोडी वाटू लागली आणि मग त्या सरकण्यासाठी खास पोशाख आला. ढगळ विजार, फुगीर बाह्यांचे जाकीट, समोरून येणारी हवा आत घेणारी तोंडे आणि आत आलेली हवा सहजासहजी बाहेर जाऊ न देणारे नायलॉन. विंगसूटमध्ये हात आणि धड यांच्यामध्ये व दोन्ही पायांमध्ये पडदा असतो, वटवाघळासारखा. ट्रॅकिंग सूटमध्ये हातपाय मोकळे राहतात. दिसायला तो हवा भरलेला सदरा-पायजमाच. निष्णात माणूस चांगल्या सुटात जितका खाली येतो, साधारण तितकाच पुढेही जातो.

सदरा-पायजमा म्हटल्यावर तो आपणच शिवावा असे कोणाला तरी वाटणारच. तयार सूट महाग, शिवाय तो मापाने मागवून बरेच दिवस थांबावे लागते. पण आमच्या मते पैसा हे एकच कारण नाही. आपल्या अंगाला हवा कुठे लागते, कुठे निसटते, हे ज्याच्या त्यालाच कळते. दुसऱ्याला ते मापात सांगता येत नाही.

हा सूट घरी कसा होतो, ते जरा तपशिलाने पाहू. कारण आमचे म्हणणे या तपशिलातच आहे. बहुतेक जण उडीचा एक जुना, अंगाला नीट बसणारा पोशाख घेतात, त्याची शिवण उसवतात आणि त्याच्या तुकड्यांवरून कागदी नमुना काढतात. मग त्या नमुन्यात फुगवटा वाढवायचा; पण सरसकट नव्हे. मांडीवर आणि दंडावर कापड जास्त हवे, काखेत आणि गुडघ्यामागे ते ताणले जाणारे हवे, नाहीतर हात मागे नेताच बाही अडते. नुसता फुगा करून चालत नाही. फुग्याला आकार हवा, म्हणून विजारीच्या आत कापडाच्याच उभ्या फासळ्या शिवाव्या लागतात. हवा घेणारी तोंडे वाऱ्याकडे उघडणारी हवीत, आणि वाऱ्याने ती मिटता कामा नयेत, म्हणून त्यांच्या कडेला ताठ पट्टी घालावी लागते. सुती दोरा येथे निरुपयोगी. पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा लागतो. शिवण दुमडून तिच्यावर दुहेरी टीप घालायची. नायलॉनच्या कापलेल्या कडा भराभर सुटतात, म्हणून त्या आधी किंचित भाजून घ्यायच्या. डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी बेतायची. हे शेवटचे वाक्य ब्लाउज शिवणाऱ्यालाही लागू आहे. पण तेथे चूक झाली तर खांदा चुरगळलेला दिसतो, येथे एका बाजूला चार बोटे कापड जास्त झाले तर माणूस हवेत एकीकडे वळू लागतो, आणि वळतच राहतो.

पण सर्वांत नाजूक जागा फुगवट्याची नाही. ती आहे हात पोचण्याची. मुख्य पॅराशूट बाहेर ओढणारी छोटी छत्री, जिला पायलट शूट म्हणतात, तिची मूठ पाठीवरच्या पिशवीच्या तळाशी, उजव्या कमरेच्या मागे असते. छातीवर उजवीकडे बिघडलेली मुख्य छत्री सोडून देण्याची मूठ आणि डावीकडे राखीव छत्रीची. जमिनीवर, आरशासमोर, सूट रिकामा असतो तेव्हा या तिन्ही मुठी अगदी हाताशी वाटतात. हवेत तोच सूट फुगतो. कमरेजवळचे कापड मुठीवर चढते, छातीवरची घडी मुठीला झाकते, आणि हात जाईल तेथे नुसते नायलॉन लागते. मांड्यांभोवतीचे पट्टे सुटाच्या घड्यांखाली लपले, तर ते आवळायचे राहून गेले आहेत हे विमानात कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून जाणकार शिवणारा प्रथम मुठींच्या जागा आखतो आणि उरलेल्या जागेत पंख बसवतो. नवखा प्रथम पंख बसवतो.

तेरा हजार फुटांवरून उडी घेतली तर साध्या पडण्यात पॅराशूट उघडेपर्यंत सुमारे मिनिटभर मिळते. वरील परिच्छेद वाचायला लागणारा वेळही साधारण तेवढाच.

शिंप्यांच्या बोलीत एक शब्द आहे, 'माया'. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात ती माया. 'आत दोन बोटे माया ठेवली आहे, पुढे सैल करता येईल,' असे शिंपी सांगतो तेव्हा त्या कापडातून अंगाने वाढणारी मुलगी त्याला दिसत असते. आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्यांना माया हा शब्द विचारला की ते संतकाव्यातली माया सांगतात, भ्रमरूप, जीवाला गुंतवणारी. काही जण ममतेची माया सांगतात. तिसरी माया त्यांच्या आयांना ठाऊक असते, आणि ती परीक्षेत कधी विचारली जात नाही. ट्रॅकिंग सुटात या तिसऱ्या मायेला मोठे महत्त्व आहे. माया कमी ठेवली तर ताशी दोनशे किलोमीटरच्या वाऱ्यात शिवण उसवते. जास्त ठेवली तर आत गाठोडे होते आणि सांधा वाकत नाही. किती ठेवायची हे कापडाच्या जातीवर, दोऱ्यावर आणि शिवण अंगाच्या कोणत्या भागावर येते त्यावर ठरते. हा अंदाज पुस्तकातून सांगता येतो, पण तो हातात मुरावा लागतो.

येथे एका लोकप्रिय शब्दाचा आम्हांस निषेध करावासा वाटतो. तो म्हणजे 'जुगाड'. गेली काही वर्षे कोणतीही घरगुती निर्मिती दिसली की तिला जुगाड म्हणून गौरवण्याची टूम निघाली आहे. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणे. त्यात हुशारी आहे, विनोद आहे, गरिबीचे कौतुक करण्याची सोयही आहे. पण जुगाडाला उद्याची फिकीर नसते. घरी ट्रॅकिंग सूट शिवणारा माणूस जुगाड करू लागला की त्याचे दिवस भरले. त्याला हवे असते ते कसब, म्हणजे ज्याला आपल्या चुकीचा परिणाम आधी दिसतो असे ज्ञान. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेच्या नियमाप्रमाणे विंगसूट घालण्यापूर्वी निदान २०० उड्यांचा अनुभव असावाच लागतो. हा आकडा धाडसाचा मुळीच नाही. दोनशे वेळा पडलेल्या माणसाला आपले शरीर हवेत कसे वागते हे कळलेले असते, एवढाच त्याचा अर्थ. त्या कळण्याआधी हातात कात्री घेणाऱ्याला आम्ही शूर म्हणणार नाही.

या वस्त्राचा इतिहास थोडक्यात पाहिला तरी कसब आणि धाडस यांची फारकत किती महागात पडते ते दिसते. फ्रान्झ रायशेल्ट हा मूळचा ऑस्ट्रिया-हंगेरीतला, पॅरिसमध्ये स्त्रियांचे कपडे शिवणारा शिंपी. वैमानिकाला अंगात घालता येईल आणि अपघाताच्या वेळी छत्रीसारखा उघडेल असा झगा त्याने बेतला. बाहुल्यांवरच्या सुरुवातीच्या चाचण्या बऱ्या झाल्या, नंतरच्या फसल्या. फसण्याचे कारण उंची कमी पडणे हे आहे असे त्याने मानले. ४ फेब्रुवारी १९१२ रोजी त्याला आयफेल मनोऱ्यावरून बाहुली टाकण्याची परवानगी होती. तो स्वतःच झगा घालून आला आणि सुमारे ५७ मीटर उंचीच्या पहिल्या मजल्यावरून त्याने उडी टाकली. ते चित्रीकरण आजही उपलब्ध आहे. कठड्यावर तो बराच वेळ घुटमळतो, पुढे वाकतो, मागे येतो. साहित्याचे विद्यार्थी ते घुटमळणे पाहून अस्तित्ववादावर बोलू लागतात, आणि त्यांना कोणी अडवू नये. पण आम्हांस त्या दृश्यात शिंपी दिसतो. त्याच्या शिवणीत दोष होता असे कोणी म्हणत नाही. शिवण त्याला येत होती, हवा येत नव्हती. क्लेम सोन या अमेरिकन तरुणाने पुढे नळ्या आणि कापड यांचे पंख करून हजारो लोकांसमोर उड्या घेतल्या. २५ एप्रिल १९३७ रोजी फ्रान्समधल्या व्हाँसेन येथे तो मेला तेव्हा पंखांनी दगा दिला नव्हता. पॅराशूट उघडले नाही. आधुनिक विंगसूटचा जनक मानला गेलेला पॅट्रिक द गायार्दाँ तर आकाशात अक्षरशः वावरत असे. हवा त्याच्याइतकी कोणाला कळली असेल? १३ एप्रिल १९९८ रोजी हवाई बेटांवर सरावाच्या उडीत तो मरण पावला. त्याने आपल्याच पॅराशूटच्या पिशवीत केलेल्या एका बदलातली चूक त्याला कारण झाली. पुढच्याच वर्षापासून यारी कुओस्मा आणि रॉबर्ट पेच्निक यांनी विंगसूट विक्रीसाठी बनवायला सुरुवात केली आणि हे शिवणकाम हळूहळू घरातून कारखान्यात गेले.

रायशेल्टला हवा कळत नव्हती. गायार्दाँला ती पूर्ण कळत होती. दोघेही सुईपाशीच संपले. घरी शिवावे की शिवू नये या वादात आम्ही म्हणूनच कोणत्याही एका बाजूला उभे राहू शकत नाही. शिवणारा आणि घालणारा एकच असण्यात मोठा लाभ आहे, कारण चुकीची किंमत ज्याला द्यायची तोच टीप मोजतो. आणि तीच मोठी अडचणही आहे, कारण स्वतःच्या टिपेकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहणारा दुसरा कोणी उरत नाही. जे शहाणे आहेत ते शिवतात स्वतः, पण पहिल्या उडीआधी सूट जाणत्या माणसाच्या हातात देतात. तो उलटा करून शिवण पाहतो, घालायला लावतो, जमिनीवर पालथे झोपवून डोळे मिटून तिन्ही मुठींना हात लावायला सांगतो. लेखकाने आपला मजकूर ज्या वाचकाच्या हाती द्यावा तो असाच असावा, असे आमच्यातील एकाचे म्हणणे. दुसऱ्याला ही उपमा ताणलेली वाटते, कारण वाईट कविता कोणाच्या जिवावर बेतत नाही.

आता मराठीकडे येऊ. हवेत जाण्यासाठी वस्त्राचा विचार मराठी माणसाने केला काय? या प्रश्नाला आमच्या काळातले एक ठळक उत्तर आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर पॅराशूटने उडी घेतली. ती त्यांच्या आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ च्या डिसेंबरात दक्षिण ध्रुव झाला, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२३ च्या नोव्हेंबरात एव्हरेस्टसमोर हेलिकॉप्टरमधून त्यांनी उडी घेतली. पण आमच्या विषयाला जवळची उडी यांपैकी कोणतीही नाही. ती आहे फेब्रुवारी २०१८ मधली, थायलंडमधल्या पटाया येथे सुमारे १३,००० फुटांवरून, नऊवारी नेसून घेतलेली. नऊवारी हा ट्रॅकिंग सूट नव्हे, हे उघड आहे. तिचे काम पुढे सरकवण्याचे नाही. तरीही हवेसाठी न झालेले वस्त्र नेसणारीने स्वतः हवेसाठी सिद्ध करायचे, हा प्रश्न तोच.

त्या उडीच्या ज्या बातम्या आमच्या वाचनात आल्या, त्यांत साडीची लांबी होती, सव्वाआठ मीटर; उंची होती; साडीवर पॅराशूट, हेल्मेट, गॉगल वगैरे चढवावे लागल्याचा उल्लेख होता; आणि भारतीय स्त्री, संस्कृती, मराठी बाणा यांविषयी पुष्कळ मजकूर होता. कौतुक योग्यच होते. पण साडी बांधली कशी, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. जो प्रश्न कोणत्याही स्कायडायव्हरला प्रथम सुचेल, तो मराठी वार्ताहराला सुचू नये याचे आम्हांस नवल वाटते; कारण त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्या घरातच आहे. नऊवारीला कासोटा आहे. निऱ्या दोन पायांमधून मागे नेऊन खोचल्या की एकसंध कापडाची विजार होते, आणि दोन्ही मांड्या वेगळ्या होतात. पॅराशूटचे पट्टे प्रत्येक मांडीभोवती स्वतंत्र आवळायचे असतात. गोल पातळ नेसून ते आवळता येणार नाहीत; कासोट्यावर येतात. शेतात वाकणाऱ्या, घोड्यावर बसणाऱ्या बायकांनी ज्या कारणासाठी कासोटा घातला, तेच कारण तेरा हजार फुटांवर उपयोगी पडले. राहिला पदर. पदराची मोकळी बाजू म्हणजे वाऱ्याला दिलेले आमंत्रण. ती सुटली तर छातीवरच्या मुठींवर येऊ शकते, तोंडावर येऊ शकते, उघडणाऱ्या दोऱ्यांत जाऊ शकते. 'पदर खोचून कामाला लागणे' हा वाक्प्रचार आपण किती सहज वापरतो! येथे तो वाक्प्रचार राहत नाही, सुरक्षेचा नियम होतो. साडीतल्या संस्कृतीवर स्तंभ भरले गेले. कासोट्याच्या शहाणपणावर दोन ओळी मिळाल्या असत्या तर त्या बाईंच्या कर्तृत्वाला अधिक न्याय झाला असता.

आमचा मूळ आक्षेप येथे आहे. साहसाविषयीचे मराठी लेखन भावनेने ओथंबते आणि कृतीपाशी मुके होते. छातीची धडधड, डोळ्यांतले पाणी, तिरंगा, हे सर्व येते; गाठ कोणती मारली, टीप कितव्यांदा तपासली, हे येत नाही. हे केवळ वार्ताहरांचे वैगुण्य असते तर त्याविषयी या पानावर लिहिण्याचे कारण नव्हते. त्याची मुळे आपल्या वाङ्मयविचारात आहेत. 'ललित' आणि 'ललितेतर' अशी जी भिंत आपण बांधली, तिच्यामुळे वस्तू कशी होते हे सांगणारे गद्य आपोआप पलीकडे पडले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० चे, त्रिंबक नारायण आत्र्यांचा 'गावगाडा' १९१५ चा, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० ची. यांतल्या गद्याची घट्ट वीण, क्रियापदांची नेमकी निवड, कालक्रमाचे भान यांवर किती प्रबंध झाले? 'गावगाडा' समाजशास्त्राकडे गेला, 'रुचिरा' स्वयंपाकघरात राहिली. अपवाद बहिणाबाईंचा. सुगरणीच्या घरट्याची बांधणी त्यांनी कवितेत आणली, पण त्यावर बोलतानाही आपण जीवनदृष्टीवर घसरतो, घरटे मात्र तेथेच लोंबकळत राहते. नामदेव जातीने शिंपी, आणि शिंपीकामाची प्रतिमा त्यांच्या पदांत येते. आपण ती रूपक म्हणून समजावून पुढे जातो. शिवणारा हात आणि लिहिणारा हात यांच्यात जी जात आणि जे लिंगभेद आडवे आले, त्यांचा हा परिणाम आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणू. शिवणे हे शिंप्याचे किंवा बायकांचे काम. त्याचे ज्ञान बोलण्यात राहिले, कागदावर आले ते क्वचित. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशात धंद्यांचे शब्द भरभरून आहेत. ते शब्द मराठी कथा-कादंबरीत शोधायला गेलो तर फार चालावे लागते.

हे सारे पेठसारख्या ठिकाणी शिकवणाऱ्याला अधिक बोचते. नाशिकहून पश्चिमेला धरमपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा हा डोंगराळ तालुका. वस्ती मुख्यत्वे कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी समाजांची. पिके भात, नागली, वरई. पाऊस असा की आवणीच्या दिवसांत माणसे दिवसभर चिखलात वाकलेली असतात. त्यांच्या पाठीवर इरले असते. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, त्यांच्यामध्ये दडपलेली पाने, आकार डोक्यावर टेकून कंबरेपर्यंत उतरणाऱ्या अर्ध्या होडीसारखा. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि पाऊस पाठीवर वाजतो, पाठीला लागत नाही. अलीकडे पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे. तो हलका आहे, पण वाऱ्यात अधिक उचलतो. येथे आम्हांस तो सूट आठवतो. ट्रॅकिंग करणाऱ्याला जे हवे असते, अंगाखाली हवा साठणे, नेमके तेच आवणी करणारीला नको असते. मागून वारा शिरला की इरले पंख होते आणि बाईला ओढू पाहते. म्हणून इरले ज्याच्या त्याच्या पाठीच्या मापाचे लागते, आणि वाऱ्याची दिशा बदलली की वाकलेली ओळच्या ओळ किंचित वळते. हवेचे हे ज्ञान कोणत्याही उडीच्या प्रशिक्षणात शिकवले जाते त्याहून कमी सूक्ष्म नाही.

या घरांतून आलेली मुले आमच्यापुढे बसतात. 'पावसाळा' या विषयावर त्यांना लिहायला सांगितले की धरणीमाता हिरवा शालू नेसते. शालू! ज्या मुलीच्या आईने आयुष्यात शालू नेसलेला नाही, तीही धरणीला शालू नेसवते आणि आईचे इरले निबंधाबाहेर ठेवते. तिला कोणी तरी शिकवले आहे की शालू वाङ्मयीन आहे आणि इरले नाही. उत्तरपत्रिकांत शालूला गुण मिळतात. 'उपयोजित मराठी' नावाची अभ्यासपत्रिका आहे, पण तिच्यात अर्ज, जाहिरात आणि वृत्तलेखन यांना जागा आहे. हाताने करायच्या कामाचे गद्य तेथेही पोचलेले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला तेव्हा आमच्याकडेही हारतुरे झाले. अभिजात भाषेत कामटी कशी तासतात हे लिहायला परवानगी आहे काय, असा प्रश्न त्या दिवशी एका विद्यार्थ्याने विचारला. तो थट्टेने विचारला होता की गंभीरपणे, यावर आमच्या दोघांत मतभेद आहेत.

ट्रॅकिंग सुटासारखा परका विषय आम्ही वर्गात नेला तो याच कारणासाठी. त्याच्याशी मुलांची ओळख नव्हती, म्हणून त्याविषयी लिहिताना उसन्या उपमा त्यांच्यापाशी नव्हत्या. आकाशाला गवसणी घालणे झाले, पंखांना बळ देणे झाले, आणि दुसऱ्या वाक्यापासून प्रत्येकाला विचारावे लागले की हवा आत कुठून शिरते. मग फळ्यावर विजारीची आकृती निघाली. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी सुट्टीत गावी मशीनवर ब्लाउज शिवते, पुढे आली आणि म्हणाली की फासळी उभी नको, जरा तिरपी हवी, नाहीतर कापड ओढ घेईल. तिने 'ओढ' हा शब्द वापरला. कापडाला ओढ असते, आडवी, उभी आणि तिरपी, आणि तिरप्या ओढीचे कापड सर्वांत जास्त ताणते, हे तिने वर्गाला समजावले. ओढ या शब्दाचा विरहाखेरीज दुसरा अर्थ बऱ्याच जणांना तेव्हा कळला.

पुढच्या आठवड्यात सर्वांना घरातली हाताने होणारी एक वस्तू लिहून आणायला सांगितली. अट एवढीच, की एकही विशेषण नको, आणि वाचणाऱ्याला ती वस्तू करून पाहता आली पाहिजे. बहुतेक लेख कोरडे होते, काही चुकीचे होते; एकाने केरसुणीच्या बांधणीत मुख्य गाठच सांगितली नव्हती आणि वर्गाने ती बांधून पाहताना काड्या बाकावर सांडल्या. इरल्यावरचा एक लेख मात्र दोन पानांचा होता. बांबू कोणत्या महिन्यात तोडायचा येथून सुरुवात, आणि शेवट असा की इरले झाल्यावर ते उन्हात पालथे घालायचे आणि आपण त्याच्या खाली बसून वर पाहायचे. जेथून ऊन येते तेथून पाऊस येणार. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आम्ही तो दिला आहे. संपादक मंडळात सध्या वाद चालू आहे तो लेख 'ललित' विभागात छापावा की 'माहिती' विभागात, यावर. मत विचारले गेले आहे. आमचे मत 'ललित'च्या बाजूने लेखी कळवले आहे आणि सोबत इरलेही पाठवले आहे.